नेपाळात सरकार पडलं, मग आमच्या गल्लीतली डीजेची भिंत का हलत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पर्वती पायथ्याजवळच्या एका गल्लीतली अठरा ते तेवीस वयाची पोरंपोरी. गल्लीचं गणेश मंडळ जुनं. मुली पथकात ढोल वाजवतात, वर्गणीला दारोदार फिरतात, महाप्रसादाच्या दिवशी पहाटेपासून राबतात, पण कार्यकारिणीत आजवर एकही मुलगी नाही. विसर्जनाला स्पीकरची भिंत असते आणि तिच्यासमोरच्या खोल्यांत म्हातारी माणसं कानात बोळे घालून बसतात. यंदा या पोरांनी एक रील टाकली. तीत अध्यक्ष नाचताना दिसतात आणि खाली ओळ आहे, ‘बाप्पा बहिरे झाले’. रील भरपूर फिरली. आता मंडळातले काका बोलत नाहीत, घरी रोज वाद होतात आणि दोन मुलींना पथकातून काढून घेतलंय. मला लिहिणारी मुलगी विचारते, “नेपाळ-बांगलादेशात आमच्याच वयाच्या पोरांनी सरकारं पाडली. आम्हाला साधा डीजे हलवता येत नाही. आमचं चुकतंय कुठे?”

मी पुण्यात बरीच वर्षं वस्त्यांतल्या आणि कॉलेजांतल्या युवा गटांबरोबर काम करते. असे प्रश्न येतच असतात, पण यातली तुलना नवी आहे, म्हणून आधी तिच्याकडेच बघू.

काठमांडूत ८ सप्टेंबर २०२५ ला तरुण रस्त्यावर आले. निमित्त होतं समाजमाध्यमांच्या २६ मंचांवर घातलेल्या बंदीचं. आतली आग भ्रष्टाचाराची आणि पुढाऱ्यांच्या मुलांच्या थाटामाटाची होती. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान ओली पायउतार झाले आणि १२ तारखेला सुशीला कार्की अंतरिम पंतप्रधान झाल्या. या सगळ्यात सत्तरहून अधिक माणसं गेली. बांगलादेशात २०२४ च्या उन्हाळ्यात वाद सुरू झाला तो स्वातंत्र्यसैनिकांच्या वारसांसाठीच्या ३० टक्के नोकऱ्यांवरून. २१ जुलैला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कोटा ५ टक्क्यांवर आणला. पण तोवर इतकं रक्त सांडलं होतं की गोष्ट कोट्यापुरती राहिलीच नव्हती, आणि ५ ऑगस्टला शेख हसीना देश सोडून गेल्या. मृतांचा आकडा १४०० पर्यंत असू शकतो, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल सांगतो. ‘आमच्या वयाच्या पोरांनी सरकार पाडलं’ असं म्हणताना हे आकडे शेजारी ठेवा.

दुसरं असं की त्या पोरांना संध्याकाळी ओलींच्या घरी जेवायला जायचं नव्हतं. तुमचे अध्यक्ष तुमच्यातल्याच एकीचे सख्खे काका आहेत. खजिनदारांच्या दुकानातून तुमच्या घरी उधारीवर किराणा येतो. सरकार पाडायला गर्दी लागते आणि ती दोन-चार दिवस टिकली तरी भागतं. रीत मोडायची तर ती पाळणाऱ्यांमध्येच राहून, रोज त्यांचं तोंड बघत मोडावी लागते. तेव्हा शिकायचं असेल तर आपल्याच माणसांत राहून ज्यांनी काही हलवलं, त्यांच्याकडून शिका. अशी माणसं फार लांब शोधायला नकोत.

पिंपरीचं भाटनगर तुमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नव्या सुनेची कौमार्य चाचणी घ्यायची आणि निकाल पंचांसमोर सांगायचा, अशी रीत होती. तिच्याविरुद्ध २०१७ च्या अखेरीस उभे राहिले ते त्याच समाजातले शिकलेले तरुण-तरुणी. सुरुवात झाली एका व्हॉट्सअ‍ॅप गटापासून. जानेवारी २०१८ मध्ये भाटनगरात एका लग्नात त्यांच्यातल्या तिघांना मारहाण झाली. मोहिमेतल्या एका नववधूला त्याच वर्षी नवरात्रात दांडिया खेळू दिला नाही. मारहाणीपेक्षा मला हा दांडियाच जास्त बोलका वाटतो, कारण बहिष्कार असाच घालतात. कोणी हात उगारत नाही, तुम्ही आलात की फक्त गाणं बंद होतं. पण तोवर राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आला होता. विधिमंडळाने तो २०१६ मध्ये मंजूर केला आणि जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. दांडियाच्या प्रकरणात याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. फेब्रुवारी २०१९ मध्ये, अशी चाचणी म्हणजे लैंगिक अत्याचार धरला जाईल, असं राज्य सरकारने जाहीर केलं. रीत त्या दिवशी संपली असं कोणी समजू नये. पण नकार देणाऱ्या मुलीला पाठीशी उभं राहणारं कोणीतरी मिळालं आणि पंचांना पहिल्यांदाच पोलीस ठाण्याची पायरी आठवायला लागली.

त्या पोरांची मागणी एका वाक्यात मावणारी होती. आपला समाज मागास आहे, संस्कृती सडलेली आहे, असलं काही ते बोलले नाहीत. ही एक गोष्ट थांबवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ‘तुम्ही बाहेरचे, तुम्हाला काय कळतं’ हे त्यांना ऐकवणं कठीण गेलं, कारण ते बाहेरचे नव्हतेच.

सोलमधलं एक उदाहरण मी गटांना नेहमी सांगते. एप्रिल २०१८ मध्ये योंगह्वा या मुलींच्या हायस्कूलमध्ये विद्यार्थिनींनी वर्गाच्या काचांवर चिकट चिठ्ठ्यांनी ‘मी टू’, ‘विथ यू’ अशी मोठाली अक्षरं काढली. शिक्षकांकडून होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध हा आवाज होता. तो फोटो जगभर गेला आणि दक्षिण कोरियातल्या इतर शाळांतूनही तक्रारी पुढे आल्या. काचांवरच्या चिठ्ठ्या सगळ्यांना आठवतात. त्याआधी काय झालं होतं ते कोणी सांगत नाही. शाळा सोडून गेलेल्या माजी विद्यार्थिनींनी आपापसात सर्वेक्षण केलं होतं, अनुभव गोळा केले होते आणि रीतसर तक्रार केली होती. शाळेला त्यांचे मार्क कापता येणार नव्हते, दाखला अडवता येणार नव्हता. आतल्या मुली काचेपाशी गेल्या त्या हे पाठबळ उभं राहिल्यानंतर. पुढे एका शिक्षकाला तुरुंगवासाची शिक्षाही झाली. आता तुमच्या गल्लीत बघा. ज्यांचं मंडळाकडे काही अडलेलं नाही अशी माणसं कोण? लग्न होऊन कोथरूडला गेलेली ताई, जी अजून दरवर्षी आरतीला येते. मंडळाचे जुने अध्यक्ष, ज्यांच्या काळात भिंत नव्हती, लेझीम होतं. त्यांना रील दाखवायच्या आधी तुम्ही एकदा तरी भेटायला गेला होतात का?

मागणी अरुंद ठेवण्याबद्दल हाँगकाँगचं एवढंच सांगते. २०११ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांनी ‘स्कॉलरिझम’ नावाचा गट काढला. शाळांत ‘राष्ट्रीय शिक्षण’ हा विषय सक्तीचा नको, ही त्यांची एकच मागणी होती. सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने सक्ती मागे घेतली. त्यातलीच बरीच मुलं २०१४ मध्ये संपूर्ण निवडणूक पद्धत बदला म्हणून ७९ दिवस रस्त्यावर बसली. तेव्हा हाती काही लागलं नाही. त्यांचं धाडस कमी पडलं नव्हतं. पहिल्या वेळी शिक्षण खात्याला हो म्हणणं परवडत होतं, दुसऱ्या वेळी बीजिंगला ते परवडणारं नव्हतं.

आपल्या नवी पेठेतही हे झालंय. ११ मार्च २०२१ ला, परीक्षा तीन दिवसांवर असताना, एमपीएससीने ती पुढे ढकलली. अभ्यासिकांतली पोरं शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. तारीख द्या, एवढंच मागणं होतं. २१ मार्चला परीक्षा झाली. एक मागणी आणि एक सही. तुमच्या रीलमध्ये तुम्हाला नेमकं काय हवंय ते मला तीनदा बघूनही कळलं नाही. डीजे बंद हवाय, कार्यकारिणीत मुली हव्यात, की अध्यक्ष बदलायला हवेत?

आता तुमच्या मंडळाकडे येते.

मंडळ जुनं असेल तर बहुतेक नोंदणीकृत असणार. नोंदणी म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल केलेली घटना असणार. घटनेत सभासद कोणाला होता येतं, वार्षिक वर्गणी किती, सर्वसाधारण सभा कधी घ्यायची, नोटीस किती दिवस आधी द्यायची आणि कार्यकारिणी किती वर्षांनी निवडायची, हे सगळं लिहिलेलं असतं. बहुतेक मंडळांत ही घटना कपाटात असते आणि ती शेवटची कोणी वाचली ते कपाटालाच ठाऊक. ती मागून घ्या. दिली नाही तर धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करता येतो. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. अनेक मंडळांच्या नोंदीत आजही हयात नसलेले पदाधिकारी सापडतात. (हे सापडलं तर लगेच नाचू नका. ‘काका, हे अद्ययावत करायला आम्ही मदत करू का’ असं विचारायची ती संधी आहे.) मंडळ नोंदणीकृत नसेल, तर वर्गणी गोळा करण्यासाठी उत्सवापुरती परवानगी त्याच कार्यालयातून घ्यावी लागते आणि त्या अर्जावर नावं असतात. ती नावं कोणाची, ते बघा.

एका मंडळातली सभा सांगते. समाजमंदिराच्या खालची खोली, भिंतीवर मिरवणुकांचे फोटो, कोपऱ्यात उभा केलेला कॅरमबोर्ड. दोन मुली वार्षिक सभेला जाऊन बसल्या. सभासद वर्गणीच्या पावत्या त्यांनी महिनाभर आधीच फाडून घेतल्या होत्या. पहिली पंधरा मिनिटं कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ‘आयत्या वेळचे विषय’ आले तेव्हा एकीने उभं राहून घटनेतलं कलम वाचलं, अठरा वर्षं पूर्ण झालेली परिसरातली कोणतीही व्यक्ती. त्यात पुरुष असं लिहिलेलं नव्हतं. अध्यक्ष म्हणाले, “आमची काय हरकत आहे बाळा? पण मिरवणुकीच्या रात्री उशिरापर्यंत थांबावं लागतं, मुली कशा थांबणार?” ती म्हणाली, “काका, मागच्या वर्षी सकाळी सहापर्यंत तुमच्या पुढे ढोल मीच वाजवत होते.” खोलीत हशा पिकला आणि हसणाऱ्यांत अध्यक्षही होते. दुसरी मुलगी बी.कॉम.ला होती. तिने वर्गणीचा हिशेब संगणकावर घालून द्यायची तयारी दाखवली. खजिनदाराला दरवर्षी त्या वहीचा ताप असायचाच. दोघींना कार्यकारिणीत घ्यायचा ठराव झाला. सूचक एक म्हातारे आजोबा, अनुमोदक खजिनदार. त्या वर्षी डीजे लागलाच. पण डीजेवर किती खर्च होतो आणि तो आकडा देखाव्याच्या दुप्पट कसा आहे, हे पुढच्या सभेत हिशेब वाचताना सगळ्यांनी ऐकलं, कारण वही आता त्या मुलीच्या हातात होती.

म्हणून माझं मत असं की डीजेचा विषय आत्ता सोडा. आधी सभासद व्हा, मग हिशेबाला हात लावा. ज्याच्या हाती पावतीपुस्तक, त्याचं म्हणणं मंडळात ऐकलं जातं. मुलींनी कार्यकारिणीत जावं ही मागणी लहान दिसते, पण बाकी सगळं त्या दारातून आत येतं.

इथे थोडं विषयांतर करते. १९९४ पासून महाराष्ट्रात कॉलेजांतल्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणायची तरतूद केली, पण कॅम्पसवर त्या काही परतल्या नाहीत. परिणाम असा की तुमच्या पिढीला रील उत्तम करता येते, मोर्चाला जाता येतं, पण सभेत ठराव कसा मांडतात, इतिवृत्तात काय लिहून घ्यायचं, ‘हे इतिवृत्तात आलं पाहिजे’ असं कधी म्हणायचं, हे कोणी शिकवलेलंच नाही. यात तुमचा दोष नाही. मात्र मंडळातल्या काकांना हे सगळं येतं आणि तुम्ही तिथेच कमी पडता.

डीजेचं आवर्जून विचारलंय म्हणून तेही सांगते. कायदा तुमच्या बाजूने आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस ही वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. दवाखाना, शाळा आणि न्यायालयाच्या भोवतीचं किमान शंभर मीटर राज्य सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. विसर्जनाच्या रात्री ११२ ला फोन करायला तुम्हाला कोणी अडवू शकत नाही. पण फोन कोणी केला हे अर्ध्या तासात गल्लीभर होतं, आणि पुढची पाच वर्षं तुम्हाला त्या मंडळात पाऊल टाकता येत नाही. कोणाच्या जिवावर बेतत असेल तर खुशाल करा. एरवी तो शेवटचा उपाय ठेवा.

त्यापेक्षा आपल्या शहरात तुमच्याच वयाच्या पोरांनी वर्षानुवर्षं चालवलेला एक उद्योग बघा. सीओईपीचे, म्हणजे पुण्याच्या जुन्या अभियांत्रिकी कॉलेजचे, विद्यार्थी विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावरच्या दहा चौकांत, बेलबाग चौकापासून खंडोजीबाबा चौकापर्यंत, ठरावीक वेळांना आवाजाची पातळी मोजतात. ना घोषणा, ना निवेदन. आकडे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात आणि मर्यादेच्या किती वर गेलो ते सगळं पुणं वाचतं. आकड्यांशी भांडता येत नाही आणि ते कोणा काकांचं नाव घेत नाहीत. तुम्हीही गल्लीत हे करू शकता. चार घरांत, दोन वेळांना. फोनवरच्या अ‍ॅपचं मोजमाप पुरावा म्हणून चालत नाही हे माहीत असू द्या, पण ‘जोशी आजींच्या खोलीत खिडक्या लावून इतका आवाज होता’ हे सभेत सांगायला ते पुरतं.

‘ही आपल्या संस्कृतीवर टीका आहे’ हे तुम्हाला ऐकवलं जाणार, किंबहुना ऐकवलं गेलंच असेल. यावर उत्तर पुण्याच्या गणेशोत्सवातच आहे. १९२२ च्या सुमाराला केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर या विशीतल्या तरुणांनी छत्रपती मेळा उभा केला आणि उत्सवाच्या मांडवांसमोर ब्राह्मणेतर चळवळीची गाणी म्हटली. त्यांनी थेट शहराच्या पुढाऱ्यांवर टीका केली. मारामाऱ्या झाल्या, खटले झाले. १९२५ मध्ये जेध्यांनी महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा ठराव नगरपालिकेत मांडला आणि तो फेटाळला गेला. आज तसा ठराव कोणी फेटाळून दाखवावा! सांगायचं एवढंच की मांडवात वाद घालणं ही या उत्सवाची जुनी रीत आहे. स्पीकरची भिंत त्या मानाने कालची.

आता रीलबद्दल. अध्यक्षांचा चेहरा त्यांना न विचारता वापरलात, तो वगळा. सभेत स्वतः उभं राहून सांगा की चेहरा दाखवायला नको होता, तो आम्ही काढला. मुद्दा मात्र काढू नका आणि त्याबद्दल माफीही मागू नका. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता आल्या तर निम्मा राग तिथेच उतरतो. यापुढे व्हिडिओ करायचाच असेल तर मंडळातल्या कष्टाळू मुलींचा करा, वर्गणीला फिरणाऱ्या, पहाटे प्रसादाच्या पातेल्यांशी झुंजणाऱ्या, त्यांची नावं घेऊन. आणि हो, त्यांना आधी विचारून.

पथकातून काढलेल्या त्या दोघींची मला जास्त काळजी वाटते. प्रत्येक गटात बोलायचं सगळ्यांनी ठरवलेलं असतं आणि किंमत एक-दोन मुली मोजतात. मुलगे संध्याकाळी चौकात उभे राहून चर्चा करतात, मुलींचं बाहेर पडणंच बंद होतं. थायलंडच्या मुलांनी शाळेतल्या केसांच्या जाचक नियमांविरुद्ध २०२० मध्ये आवाज उठवला तेव्हाही रोजची बोलणी ज्या मुलामुलींना खावी लागली ती त्यांच्याच वर्गात होती, फोटोत नव्हती. तुमच्यातल्या मुलग्यांनी या आठवड्यात त्या दोन घरी जावं. शक्यतो आईला घेऊन जावं. रीलमध्ये आम्हीही होतो, शब्द आमचे होते, हे त्या वडिलांसमोर सांगावं. त्या मुली परत पथकात येईपर्यंत बाकीच्या मुलग्यांनीही सरावाला जाऊ नये. पथकप्रमुखाला ताशाला माणूस कमी पडला की त्याचा फोन आपोआप त्या घरी जाईल.

वेळेचंही भान ठेवा. तुमच्याकडे वार्षिक सभा कधी होते ते आधी विचारून घ्या. डीजेची सुपारी आणि इसार बऱ्याच मंडळांत उत्सवाच्या कित्येक महिने आधीच दिला जातो, आणि एकदा इसार गेला की मग कोणाचंही ऐकून घेतलं जात नाही, पैसे बुडतील एवढंच उत्तर मिळतं. म्हणजे तुमचा अर्ज इसाराच्या आधीच्या सभेत यायला हवा. अर्ज एका पानाचा, हाताने लिहिलेला, अध्यक्षांच्या नावे असावा आणि पोचची सही घ्यावी. खाली सही करणाऱ्यांत किमान दोन नावं पन्नाशीच्या पुढची असू द्या. मागणी एकच, कार्यकारिणीत दोन मुली. त्या ताईंना आणि जुन्या अध्यक्षांना या रविवारी भेटून या, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. अर्जाचा मसुदा त्यानंतर बघू.